'चार्ज'ला मराठीत नेमका कोणता शब्द? आठ वाक्यं, आठ अर्थ

कागदपत्री

इथे भाषांतराची कामं करणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतो. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठीलाही वाट मोकळी राहिली. मूळ कागद मात्र बहुतेक वेळा इंग्रजीतच जन्माला येतो. तो मराठीत आणताना 'चार्ज' हा शब्द पावलोपावली आडवा येतो. खालचे तुकडे वेगवेगळ्या कागदांतले आहेत, नावं आणि आकडे काढून टाकलेत.

१. फ्री फ्रॉम ऑल चार्जेस अँड एन्कम्ब्रन्सेस (जमिनीचं खरेदीखत)
२. सॅटिस्फॅक्शन ऑफ चार्ज (कंपनीने भरायचा नमुना)
३. शॅल होल्ड अ‍ॅडिशनल चार्ज (सरकारी आदेश)
४. आफ्टर द चार्जशीट, चार्ज वॉज फ्रेम्ड (फौजदारी खटला)
५. द लाइन विल बी चार्ज्ड (११ केव्ही वाहिनीची जाहीर सूचना)
६. मॅक्सिमम चार्ज पर डिले (खडीच्या खाणीचा पर्यावरण अहवाल)
७. एक्स्पेंडिचर चार्ज्ड ऑन द कन्सॉलिडेटेड फंड (अर्थसंकल्प)
८. द मेट्रन अँड हर चार्जेस (बालगृहाचा अहवाल)

यंत्राने केलेल्या भाषांतरात पाच ठिकाणी 'शुल्क' आलं, दोन ठिकाणी 'आरोप', एका ठिकाणी 'चार्ज' जसाच्या तसा. मेट्रनबाईंवर तर नसते आरोप येऊन बसले. कोश उघडला की आकार, भार, आरोप, हल्ला, ताबा, प्रभार अशी रांग दिसते, पण कुठे कोणता घ्यायचा ते कोश सांगत नाही. काही खूण आहे का, की प्रत्येक खात्याची परिभाषा पाठच करायची?

दोन_प्रती

परिभाषा पाठ करावी लागतेच. पण हा शब्द मुळात ओझ्याचा आहे एवढं लक्षात ठेवलं तर बरंच सोपं जातं. लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे गाडी. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'कारिकारे', म्हणजे गाडीत माल भरणे. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजी 'चार्ज'. जहाजावरचा 'कार्गो' याच घरातला. 'कॅरिकेचर'सुद्धा, इटालियनमध्ये भरणे, मग जास्तच भरणे, मग नाक-कान फुगवून काढलेलं चित्र.

तेव्हा वाक्य आलं की आधी विचारायचं, कोणी कशावर काय लादलं? माणसावर गुन्हा लादला तर दोषारोप, काम लादलं तर कार्यभार. जमिनीवर कर्ज लादलं तर भार किंवा बोजा. गिऱ्हाइकावर पैसे लादले तर आकार. मराठी परिभाषेतले भार, प्रभार, कार्यभार, पदभार, अधिभार, भारित हे सगळे शब्द याच ओझ्यावर उभे आहेत. 'शुल्क' हा त्यातला एक कोपरा आहे, तोही फार मोठा नाही.

दुसरी खूण म्हणजे 'चार्ज'च्या शेपटीला लागलेलं अव्यय. 'फॉर' आलं तर बहुधा पैसे. 'चार्ज' नाम असून त्याच्या पुढे 'ऑन' आलं तर बोजा. 'टू' आलं तर कोणाच्या तरी खात्यावर टाकणे; हॉटेलात 'चार्ज इट टू द रूम' म्हणजे खोलीच्या बिलात धरा. 'अ‍ॅट' आलं तर धावून जाणे. 'विथ' मात्र फसवं आहे. 'चार्ज्ड विथ मर्डर' म्हणजे खुनाचा आरोप, 'चार्ज्ड विथ द ड्यूटी' म्हणजे कामगिरी सोपवली, 'चार्ज्ड विथ एक्स्प्लोझिव्ह' म्हणजे स्फोटक भरलेलं. 'विथ'च्या पुढचं नाम वाचल्याशिवाय लिहायला घेऊ नये.

त्याहून बारीक म्हणजे 'द'. 'इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन' म्हणजे मुलांची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो. 'इन द चार्ज ऑफ द मेट्रन' म्हणजे मेट्रनच्या ताब्यात असलेली मुलं. एका 'द'ने सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा यांची अदलाबदल होते. तुमच्या आठव्या वाक्यात 'चार्जेस' म्हणजे ती मुलंच: 'मेट्रन आणि त्यांच्या देखरेखीखालची मुलं'. 'ताब्यातली' लिहू नका, बालगृह आहे, कोठडी नव्हे.

सातव्यासाठी शब्द ठरलेला आहे: 'एकत्रित निधीवर भारित खर्च'. राज्यांसाठी संविधानाचा अनुच्छेद २०२(३) पाहा. राज्यपालांचं वेतन व भत्ते, सभापती-उपसभापतींचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन, न्यायालयाच्या हुकूमनाम्याने द्यायच्या रकमा हे सगळं भारित. अनुच्छेद २०३ प्रमाणे त्यावर विधानसभेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. म्हणून अंदाजपत्रकात एक रकाना 'भारित' आणि दुसरा 'दत्तमत' (मतदानाने मंजूर व्हायचा). सावध राहा, याच २०२(३) मध्ये पुढे 'डेट चार्जेस' आहे. तिथे भारित नाही चालणार. ते कर्जावरचं व्याज, कर्जनिवारण निधीत भरायची रक्कम, परतफेडीचा खर्च असं आहे, म्हणजे 'ऋण आकार'. एकाच अनुच्छेदात एकाच शब्दाची दोन भाषांतरं करावी लागतात.

आणि इंग्रजीला हसायचं कारण नाही. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दिवा लागतो, गाडी लागते, पैसे लागतात, आंबे गोड लागतात. हे सगळं एका शब्दात बसवून दाखवा म्हटलं तर इंग्रज रडेल.

जुनी_नोंद

पहिलं आणि दुसरं वाक्य माझ्या वाट्याचं.

पहिल्यात 'शुल्क' आलं तर खरेदीखताचा अर्थच उलटतो. 'मालमत्ता सर्व शुल्कांपासून मुक्त आहे' हे वाचून घेणाऱ्याला वाटेल नोंदणीचा खर्च नाही. मुळात विकणारा हमी देतोय की या जमिनीवर कोणाचं कर्ज किंवा देणं चढलेलं नाही. 'फ्री ऑफ चार्ज' म्हणजे फुकट, 'फ्री फ्रॉम चार्ज' म्हणजे बोजा नसलेली. अंतर एका अव्ययाचं, फरक लाखांचा.

आता 'गहाण' आणि 'भार' यांत गोंधळ नको. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम १०० प्रमाणे, स्थावर मालमत्ता एखाद्या देण्याची हमी म्हणून बांधली गेली पण तो व्यवहार गहाणात मोडत नसेल, तर तो 'चार्ज'. म्हणजे या कायद्यात गहाण वेगळं आणि भार वेगळा. गहाणात मालमत्तेतला हितसंबंध धनकोकडे जातो. भारात जात नाही, फक्त त्या मालमत्तेतून पैसे वसूल करायचा हक्क मिळतो. म्हणूनच मोबदला देऊन आणि भाराची माहिती नसताना ज्याने जमीन घेतली, त्याच्याविरुद्ध भार सहसा चालत नाही. पण कंपनी कायदा २०१३ चं कलम २(१६) उघडा. तिथे 'चार्ज'च्या व्याख्येत गहाणही धरलेलं आहे. तेव्हा कागद कोणत्या कायद्याखालचा आहे हे पाहिल्याशिवाय 'गहाण वगळून' किंवा 'गहाणासह' असं काहीही पदरचं घालू नका.

दुसरं वाक्य कंपनी कायद्यातलं. भार निर्माण झाला की कलम ७७ प्रमाणे मूळ मुदत ३० दिवसांची, नमुना सीएचजी-१. कर्ज फिटलं की कलम ८२ खाली सीएचजी-४, तोच 'सॅटिस्फॅक्शन ऑफ चार्ज'. यात समाधान कोणाचंच झालेलं नाही, देणं भागलंय. मराठी 'भाराची पूर्तता' किंवा सरळ 'कर्ज फिटल्याने भार उतरवणे'. 'शुल्काबाबत समाधान' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला अभिप्राय नोंदवायची वही वाटेल.

गोव्यात बोजा शोधायचा तर तीन जागी पाहावं लागतं. एक, नमुना १ व १४ (गोव्यातला जमिनीचा उतारा), त्यातला 'इतर हक्क' हा रकाना. बँका, सोसायट्या यांच्या नोंदी तिथे चढतात. कब्जेदार आणि कूळ वाचून पान मिटणारे खूप. दोन, उपनिबंधकाकडून मिळणारा बोजा नसल्याचा दाखला. तो ठरावीक वर्षांपुरताच असतो, तेव्हा भाषांतरात ती वर्षं गाळू नका. तीन, जुन्या मालमत्तेची पोर्तुगीज काळातली नोंदणी, जिथे जमिनीचं वर्णन एका पुस्तकात आणि तिच्यावरचे हक्क व बोजे दुसऱ्या नोंदीत सापडतात.

या तिसऱ्या ठिकाणी खरी गंमत आहे. पोर्तुगीजने हे ओझं आधीच वेगवेगळ्या पिशव्यांत भरून ठेवलंय. 'कार्गो' म्हणजे पद, 'कार्गा' म्हणजे माल किंवा विद्युतप्रभार, 'एन्कार्गो' म्हणजे बोजा आणि जबाबदारी, आणि गुन्ह्याचा आरोप म्हणजे 'आकुझासांव'. म्हणजे मूळ पोर्तुगीज कागद समोर असेल तर संदिग्धता नाहीच. अडचण होते ती पोर्तुगीजचं आधी इंग्रजी आणि इंग्रजीचं मग मराठी असा फेरा घेतला की. 'लिव्र द एन्कार्गुस' (बोजामुक्त) चं 'फ्री ऑफ चार्जेस' होतं आणि तिथून 'विनाशुल्क'. मूळ कागदाची प्रत मागून घ्या, मधला इंग्रजी कागद बाजूला ठेवा.

वीजतार

पाचवं वाक्य गंमतीचं नाही, जिवाशी खेळ आहे. 'लाइन चार्ज करणे' म्हणजे नव्या किंवा दुरुस्त वाहिनीत पहिल्यांदा दाब सोडणे. सूचनेत 'वाहिनी चार्ज केली जाईल' असं ठेवलं तर माडावर चढणाऱ्या पाडेल्याला मोबाइलसारखं काहीतरी वाटेल, 'शुल्क आकारले जाईल' म्हटलं तर बिल वाटेल. असं लिहा: 'अमुक तारखेला सकाळी अमुक वाजल्यापासून ही उच्चदाब वाहिनी वीजप्रवाहित करण्यात येईल. त्यानंतर ती सदैव जिवंत समजावी. खांबांवर चढू नये, तारांजवळच्या फांद्या किंवा झावळ्या तोडू नयेत, ताणाच्या तारेला गुरे बांधू नयेत, लोखंडी शिडी किंवा गरी तारांखाली उभी धरू नये.' 'सदैव' महत्त्वाचं आहे. नवीन वाहिनीवर एकही ग्राहक जोडलेला नसतो तरी दाब पूर्ण असतो. दिवे लागले नाहीत म्हणजे वीज नाही, अशी समजूत करून घेतली जाते, तिथेच घात.

आणि इथे 'भार' वापरू नका. विजेच्या भाषेत 'लोड'ला भार म्हणतात: मंजूर भार, जोडभार, भारनियमन. म्हणून भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत 'चार्ज'ला प्रभार घेतलाय: धनप्रभार, ऋणप्रभार. 'चार्ज्ड ऑन नो लोड' असं वाक्य आलं आणि दोन्हीकडे भार लिहिलंत तर 'भाराविना भारित' असं काहीतरी होईल. 'ग्राहकभार न जोडता वीजप्रवाहित' लिहा.

बिलातला 'चार्ज' पुन्हा वेगळा. 'फिक्स्ड चार्ज' हा 'स्थिर आकार', 'एनर्जी चार्ज' हा 'वीज आकार', 'डिमांड चार्ज' हा 'मागणी आकार'. पहिला युनिट जाळा की न जाळा द्यावाच लागतो, दुसरा युनिटमागे, तिसरा मोठ्या ग्राहकांना केव्हीएमागे. गोव्याचे दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो, त्याच्या आदेशात हे तिन्ही एका पानावर येतात. 'स्थिर प्रभार' लिहिलं तर ती स्थितिक विजेची गोष्ट होते, कोरड्या हवेत नायलॉनच्या शर्टाचा चटका बसतो ती.

बॅटरीच्या कागदात अजून एक खाच आहे. 'चार्ज' म्हणजे कधी साठलेला प्रभार, कधी भरण्याची क्रिया. साठा अँपिअर-तासात मोजतात; एक अँपिअर-तास म्हणजे ३६०० कूलोम. १५० अँपिअर-तासांची इन्व्हर्टरची बॅटरी १५ अँपिअरने भरायला घेतली तर हिशेबाने १० तास, प्रत्यक्षात जास्त, कारण शिशाची बॅटरी घेतलेलं सगळं साठवत नाही आणि शेवटी शेवटी ओढही कमी करते. 'स्टेट ऑफ चार्ज'ला 'प्रभाराची स्थिती' लिहून कोणाला काही कळत नाही; 'बॅटरी किती भरली आहे' हेच मराठी.

कोर्टपायरी

तीन आणि चार.

चार्जशीट पोलीस दाखल करतात, चार्ज न्यायालय ठेवतं. दोन्हीला 'आरोप' म्हटलं की वर्तमानपत्रात रोज होतो तो घोळ होतो. क्रम असा. तक्रार आल्यावर गुन्हा नोंद होतो. हा चार्ज नव्हे. तपास संपल्यावर पोलीस अहवाल जातो, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७३, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३. कलमाचा शब्द 'पोलीस अहवाल' आहे, चार्जशीट हा वहिवाटीचा. मराठीत आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र. मग न्यायाधीश कागद पाहून, दोन्ही बाजू ऐकून एक तर आरोपीला सोडतात किंवा दोषारोप निश्चित करतात. सत्र खटल्यात सोडणं कलम २५० आणि दोषारोप कलम २५१, वॉरंट खटल्यात २६२ आणि २६३. समन्स खटल्यात दोषारोप लिहितच नाहीत, आरोपीला आरोपाचा सारांश सांगतात, कलम २७४. तेव्हा चौथं वाक्य: 'आरोपपत्र दाखल झाल्यानंतर न्यायालयाने दोषारोप निश्चित केले.' 'चार्ज फ्रेम केला' याचं 'आरोपाची चौकट आखली' हेही वाचायला मिळतं, त्यावर न बोललेलं बरं.

परदेशी बातमीत 'चार्ज्ड विथ' आलं तर तिथे पोलीस किंवा सरकारी वकील रीतसर आरोप ठेवतात. त्याचं 'गुन्हा नोंदवला' करू नका, ती आपली आधीची पायरी आहे.

तिसरं वाक्य: 'आपल्या पदाचा कार्यभार सांभाळून अतिरिक्त कार्यभारही सांभाळतील.' पण 'अ‍ॅडिशनल चार्ज' तीन जागी तीन. नेमणुकीत अतिरिक्त कार्यभार, बिलात जादा आकार, खटल्यात वाढीव दोषारोप. एखाद्या अधिकाऱ्याचा अतिरिक्त कार्यभार 'अतिरिक्त आरोप' म्हणून छापून आला तर त्याच्या घरी फोन सुरू होतील.

कार्यभार सोपवल्याच्या दाखल्यात 'फोरनून' आणि 'आफ्टरनून' असतं, ते 'सकाळी' आणि 'दुपारी' नव्हे. 'मध्यान्हपूर्व' आणि 'मध्यान्होत्तर' लिहा, कारण त्या दिवसाचा पगार कोणाच्या नावावर पडायचा ते त्यावर ठरतं. आणि 'प्रभारी' हा शब्द जपून. इंग्रजीत 'ऑफिसर इन चार्ज' कायमचाही असतो. मराठीत 'प्रभारी मुख्याध्यापक' म्हटलं की लोक तात्पुरता समजतात. कायम नेमणूक असेल तर 'प्रमुख' लिहिलेलं बरं.

विभागीय चौकशीत गोवा सरकारचे कर्मचारी सीसीएस (सीसीए) नियम १९६५, म्हणजे केंद्रीय नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियम, यांखाली येतात. मोठ्या शिक्षेसाठी नियम १४, त्यात 'आर्टिकल्स ऑफ चार्ज', म्हणजे दोषारोपाच्या बाबी. सोबत चार परिशिष्टं: दोषारोपाच्या बाबी, त्यांना आधार असलेल्या गैरवर्तनाचं विवरण, कागदांची यादी, साक्षीदारांची यादी. किरकोळ शिक्षेच्या नियम १६ मध्ये 'आर्टिकल्स ऑफ चार्ज' नसतातच, फक्त गैरवर्तनाचं विवरण असतं. तिथे भाषांतरात 'दोषारोप' घातलंत तर कर्मचाऱ्याला वाटेल मोठी शिक्षा येतेय, आणि त्याचा वकील तो शब्द सोडणार नाही.

खाणपट्टा

सहावं. पर्यावरण आघात मूल्यमापनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीआधी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो, म्हणून ही वाक्यं भाषांतरकारांकडे येतात. 'मॅक्सिमम चार्ज पर डिले'चं 'प्रति विलंब कमाल शुल्क' झालं असणार. वाचणाऱ्याला वाटेल खाणवाल्याला उशीर झाला की दंड.

काळ्या दगडाच्या खाणीत एका वेळी बरीच छिद्रं पाडतात, प्रत्येकात स्फोटक भरतात, वरचं तोंड बारीक खडीने किंवा मातीने दाबून बंद करतात आणि सगळी एकदम न उडवता काही हजारांश सेकंदांच्या अंतराने उडवतात. ते अंतर म्हणजे 'डिले'. त्या एका क्षणी जितकं किलो स्फोटक उडतं ते 'चार्ज पर डिले'. जमिनीचा हादरा एकूण स्फोटकापेक्षा या आकड्यावर आणि घराच्या अंतरावर जास्त अवलंबून असतो. म्हणून गावकऱ्यांनी पाहायचा आकडा हाच. मराठी: 'एका टप्प्यात एकाच क्षणी उडणाऱ्या स्फोटकाचे कमाल वजन, किलोमध्ये'. लांब झालं तरी चालेल. 'चार्ज्ड होल' म्हणजे 'स्फोटक भरलेलं छिद्र', आणि ते न उडता राहिलं तर तिथे परत ड्रिल लावायचं नाही, हे वाक्य भाषांतरात ढिलं पडता कामा नये.

कच्च्या लोखंडाच्या भट्टीत 'चार्ज' म्हणजे वरून टाकायचा माल, खनिज, कोक आणि चुनखडी. 'भरण' म्हटलं की कळतं. एसीवाल्याचा 'गॅस चार्ज' म्हणजे यंत्राच्या पाटीवर ग्रॅममध्ये छापलेलं गॅसचं वजन. तो वजनकाट्यावर मोजून भरायचा असतो, नुसत्या दाबावर अंदाजाने नव्हे. तिथेही 'भरण'.

कागदपत्री

हे सोन्यासारखं आहे. दोन शंका उरल्या. एक, 'डिस्चार्ज' म्हणजे नेहमी याचं उलट का? दोन, बँकेच्या कागदात 'फ्लोटिंग चार्ज' आहे आणि इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत 'फ्लोट चार्ज'. एकच का?

वीजतार

दुसऱ्याचं आधी. मुळीच एक नाही. 'फ्लोट चार्ज' म्हणजे बॅटरी भरल्यावर ती भरलेली राहावी म्हणून हलका दाब चालू ठेवणे; १२ व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीला साधारण १३.५ ते १३.८ व्होल्ट. 'राखण-भरण' म्हणता येईल, नाहीतर 'भरलेली बॅटरी टिकवणारा दाब' असं उलगडून लिहा.

'डिस्चार्ज'बद्दल एवढंच, की कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही प्रभार उरतो. पुस्तिकेत 'डिस्चार्ज करून मगच हात लावा' असेल तिथे 'उरलेला प्रभार पूर्ण उतरवून' असं लिहा. 'बंद करून' नव्हे. बंद तर आधीच असतं.

जुनी_नोंद

'फ्लोटिंग चार्ज' हा तरता भार. दुकानातला माल, येणं असलेल्या रकमा अशा रोज बदलणाऱ्या वस्तूंवर तो असतो, आणि कंपनी तो माल नेहमीसारखा विकू शकते. कर्ज थकलं किंवा कंपनी गुंडाळायची वेळ आली की त्या क्षणी जो माल असेल त्यावर तो घट्ट बसतो. बसण्याच्या त्या क्रियेला 'क्रिस्टलायझेशन' म्हणतात. 'स्फटिकीकरण' लिहू नका, 'भार स्थिरावणे' पुरे. गाडीच्या पुस्तिकेवरचं 'हायपोथिकेशन' म्हणजे नजरगहाण, गाडी तुमच्याकडे आणि हक्क बँकेकडे.

कोर्टपायरी

'डिस्चार्ज' कधी उलट, कधी नाही. खटल्यात 'डिस्चार्ज' म्हणजे दोषारोप ठेवण्याआधीच सोडणं, वर्तमानपत्री 'आरोपमुक्त'. खटला चालून मग सुटला तर ती 'निर्दोष मुक्तता'. पहिल्यात पुढे भक्कम पुरावा मिळाला तर माणूस परत कोर्टात येऊ शकतो, दुसऱ्यात अपिलाखेरीज नाही, म्हणून शब्द अदलाबदल करायचे नाहीत. कर्जाचा डिस्चार्ज म्हणजे फेड. कर्तव्याचा डिस्चार्ज मात्र उलट नव्हे. 'इन द डिस्चार्ज ऑफ हिज ड्यूटी' म्हणजे कर्तव्य बजावत असताना, कर्तव्यातून सुटल्यावर नव्हे. इस्पितळात एकाच कागदावर वर 'डिस्चार्ज' म्हणजे घरी सोडणं आणि खाली 'डिस्चार्ज' म्हणजे जखमेतला स्राव. धरणाचा विसर्ग, घनफूट प्रति सेकंद. एक घनमीटर म्हणजे साधारण ३५.३ घनफूट, तेव्हा क्युमेक (घनमीटर प्रति सेकंद) आणि क्युसेक (घनफूट प्रति सेकंद) पाहून घ्या, पावसाळ्यातल्या इशाऱ्यात हे चुकलं तर पूर कागदावरच पस्तीस पट होतो.

दोन_प्रती

दोन किरकोळ भर. फुटबॉलच्या नियम १२ मध्ये 'चार्ज' आणि 'पुश' वेगळे गुन्हे आहेत. 'चार्ज' म्हणजे हात अंगाशी ठेवून खांद्याने भिडणं. निष्काळजीपणे, बेपर्वाईने किंवा जादा जोराने केलं तरच थेट फ्री किक. मराठीत 'खांद्याची धडक' आणि 'ढकलणे'. दोन्हीला 'धक्का' लिहिलं तर पंचांच्या शिबिरात वाद होईल.

दुसरं, जनगणनेच्या कागदात 'चार्ज' म्हणजे चक्क एक भूभाग, तालुका किंवा शहर, आणि 'चार्ज ऑफिसर' म्हणजे त्या भागाचा जनगणना अधिकारी. तिथे पैसे, आरोप, वीज काहीच नाही.

कागदपत्री

पहिलं वाक्य असं केलंय: 'सदर मालमत्ता सर्व बोजे व बोजांपासून मुक्त आहे.' कानाला खटकतंय, पण 'चार्ज' आणि 'एन्कम्ब्रन्स' दोन्ही बोजाच ना?

जुनी_नोंद

नाही. 'एन्कम्ब्रन्स' मोठी टोपली आहे. भार, गहाण, भाडेपट्टा, दुसऱ्याच्या वाटेचा हक्क, कोर्टाची जप्ती सगळं तिच्यात येतं. 'चार्ज' त्यातला एक जिन्नस. म्हणून 'चार्ज'ला 'भार' आणि 'एन्कम्ब्रन्स'ला 'बोजा' ठेवा: 'सदर मालमत्ता सर्व भार व बोजे यांपासून मुक्त आहे.' आणि हे ठरलं की खताच्या व्याख्येच्या कलमात आणि शेवटच्या परिशिष्टातही तेच दोन शब्द टाका. एकाच गोष्टीला वर 'भार' आणि खाली 'बोजा' असं झालं तर समोरचा वकील म्हणेल की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तो बरोबर असेल.